पसंत हाय का?

भालेराव काका फुलाचा फोटो काढतात आणि तो त्या फुलाला दाखवतात.

हे मी कुणाला सांगितलं की समोरचा माणूस थोडा वेळ वाट बघतो. त्याला वाटतं, मी वाक्यातला एखादा शब्द गिळला. फोटो फुलाचा, ते ठीक; पण दाखवतात कुणाला? तर फुलालाच. कॅमेऱ्याची पाठ फुलाकडं वळवायची, पडद्यावर ऊन पडू नये म्हणून वरून तळहाताचं छप्पर धरायचं आणि गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारायचं, "पसंत हाय का?" मग गप्प उभं राहायचं. फुलाला वेळ द्यायचा.

फूल उत्तर देतं, असं काकांचं म्हणणं आहे. वाऱ्यानं ते वरखाली हललं तर पसंत. डावीउजवीकडं हललं तर नापसंत, फोटो पुन्हा. हिमायत बागेत एकदा एका कण्हेरीनं सगळी सकाळ नकार दिला. वारा कडेनं लागत होता, ती तरी काय करणार? शेवटी काका वैतागले. "बाई, तोंडावर जे हाय तेच फोटोत येणार. माझ्या कॅमेऱ्यात दुसरं तोंड नाय," असं तिला ऐकवून त्यांनी कॅमेऱ्याला टोपण लावलं. बागेच्या दारापर्यंत तरातरा गेले. तिथं थांबले. परत आले आणि पुन्हा काढला.

शहागंजात काकांचा 'नयन फोटो स्टुडिओ' होता. एक पांढरा पडदा, एक स्टूल, भिंतीला आरसा आणि आरशाला सुतळीनं बांधलेला कंगवा. बांधलेला अशासाठी की लोक डोकं विंचरून झालं की तो सवयीनं खिशात घालायचे. नोकरीचे अर्ज, हजचे अर्ज, बारावीची हॉलतिकिटं, रेशनकार्डं. अर्ध्या शहराची तोंडं काकांनी पासपोर्ट साइजमध्ये पाहिली आहेत. आजही रस्त्यात कुणी जुनं गिऱ्हाईक भेटलं तर त्यांना नाव आठवत नाही. पण "तुमचा डावा कान जरा वर हाय, उजव्यापेक्षा" हे मात्र ते लगेच सांगतात. माणूस घरी जाऊन आरशात बघतो. असतो वर.

पुढं मोबाइल आले. कचेऱ्यांमध्ये खिडकीवरच फोटो काढायला लागले. स्टुडिओ बंद झाला. आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात. काका हडको वसाहतीत आमच्या समोरच्या घरात राहतात. एकटेच. कमलकाकू गेल्याला बरीच वर्षं झाली, मुलगी पुण्याला असते. स्टुडिओ बंद झाल्यावर वर्षभर ते नुसते ओट्यावर बसून होते. मग एका फाल्गुनात आमच्या फाटकाशी शेवग्याला फुलं आली आणि काका घरात जाऊन कॅमेरा घेऊन आले.

धंदा गेला, पण धंद्याचे नियम गेले नाहीत. फुलानं समोरच बघितलं पाहिजे. पाठीमागं काही दिसता कामा नये. आणि दोन्ही कान दिसले पाहिजेत. आता फुलाला कान कुठून आणायचे? काका शोधतात. जास्वंदीच्या पाच पाकळ्यांतल्या कोणत्या दोन कान आहेत हे ठरवायला त्यांना बराच वेळ लागतो, पण एकदा ठरलं की ठरलं. बोगनवेलीकडं ते बघतसुद्धा नाहीत. "ही गर्दी हाय," म्हणतात. "ग्रुप फोटो आपण घेत नाय. मागच्या रांगेतले नंतर भांडाया येतात." मकबऱ्याच्या आवारातल्या गुलाबांशी ते मराठीत बोलत नाहीत. "मियाँ, जरा सामने देखो. गर्दन सीधी. हौ, बस्स, अब हिलना नक्को." मी एकदा म्हणालो, काका, गुलाबाला मराठी कळत नाही का? काका म्हणाले, "कळतं. पण घरची बोली ऐकली की तोंड मोकळं होतं माणसाचं."

नावं मात्र त्यांना कुठलीच माहीत नाहीत. काटेसावर काय, पांगारा काय, त्यांच्या लेखी सगळी लाल शर्टवाली गिऱ्हाइकं.

यात माझं काम म्हणजे मागं चादर धरणं. पांढऱ्या पडद्याची सोय रानात कुठून व्हायची? म्हणून आमच्या घरातली पांढरी डबल बेडची चादर आली, आणि चादर धरायला मी आलो. मी वाळूजला एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. दिवसभर नटबोल्ट मोजून देतो. बोलायची मला फारशी सवय नाही, गरजही पडत नाही. काकांना हे फार आवडतं. माझं नाव दिलीप; पण काका मला 'स्टँड' म्हणतात. "स्टँड, डावीकडं सरक." "स्टँड, झोळ पडलाय, ताण." लोकांना ओळख करून देतानाही, "हा आपला स्टँड. लई चांगला हाय. हालत नाय, बोलत नाय."

माझी बायको सुनंदा हिला यातलं काहीच पटत नाही, आणि ती दर वेळी चादर धुऊन इस्त्री करून ठेवते. रविवारी सकाळी मी चादरीची घडी काखेत मारली की ती विचारणार, "आज कुणाच्या मयताला निघालात?"

तिचं चुकतही नाही. एकदा दौलताबादच्या अलीकडं रस्त्याकडेला एक पांगारा फुलला होता. फांदी खाली होती, म्हणून मी चादर जवळजवळ जमिनीलगत आडवी धरून वाकलो होतो आणि काका समोर गुडघे टेकून, मान खाली घालून बसले होते. सायकलवरून एक म्हातारा चालला होता. तो थांबला. उतरला. चपला काढल्या, डोक्यावरची टोपी काढली आणि हात जोडून आमच्याशेजारी उभा राहिला. त्याला बघून एक मोटारसायकलवाला थांबला. मग सीताफळाच्या बागेतून दोन बाया आल्या. काकांचं लक्ष नव्हतं, ते फुलाला सांगत होते, "श्वास रोखा. आता सोडू नका." हे ऐकून त्यातल्या एका बाईनं तोंडाला पदर लावला. म्हातारा हळूच मला म्हणाला, "कोण होतं?" मी काही बोलायच्या आधी काकांनी फोटो काढला, कॅमेरा वळवला आणि विचारलं, "पसंत हाय का?"

म्हातारा सायकलीवर बसताना वळूनवळून बघत होता. त्याची टोपी शेवटी त्या बाईनं धावत जाऊन दिली.

त्या दिवशी परत येताना मी काकांना विचारलं. मी सहसा विचारत नाही. पण म्हटलं, काका, दाखवता कशाला? स्टुडिओत ठीक होतं, गिऱ्हाईक होतं.

काका स्कूटरवर मागं बसले होते. ते जरा पुढं सरकले. मग माझ्या कानाशी म्हणाले, "पूर्वी मयताचा फोटो काढायला बोलवायचे आम्हाला. ठाऊक हाय का तुला? माणूस जित्तेपणी कवा स्टुडिओत आलेला नसायचा. मग घरचे मधे मयत ठेवून बसायचे भोवती, आणि म्हणायचे, काढा. एकुलता एक फोटो त्याचा. लई काढले असले. बाकी सगळ्यांना दाखवायचो, पसंत हाय का, पसंत हाय का. सगळे व्हय म्हणायचे. ज्याचा फोटो, त्याला तेवढं विचारता यायचं नाय."

रस्त्यावर खड्डा आला. तो गेल्यावर काका म्हणाले, "फुलाचं काय, दोन दिवसाचा कारभार. हाय तवर विचारून घ्यावं."

यानंतर मी त्या प्रश्नाला कधी हसलो नाही. निदान त्यांच्यासमोर नाही.

आता जे सांगायचं ते इतका वेळ मी बाजूला ठेवलं होतं. वर्षभर ठेवलं, तसंच इथंही ठेवलं.

दर फाल्गुनात एक रविवार बिडकीनचा असायचा. तो दिवस वेगळा असे. काका दाढी करून यायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे. पैठण रोडनं बिडकीन, तिथून आत एक कच्चा रस्ता, पुढं पडकी विहीर, आणि विहिरीच्या मागच्या बांधावर एक पळस. पळस काय, त्या बाजूला बरेच आहेत. फाल्गुनात सगळे शेंदरी. हा एकटा पिवळा. पान एक नाही अंगावर, काळ्या मखमली देठांतून नुसती पिवळी फुलं वर आलेली. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी चादर उलगडायची विसरलो होतो.

तो बांध कमलकाकूंच्या माहेरचा. लग्न झाल्यावर पहिल्या खेपेला काकूंनी काकांना तो पळस दाखवला, आणि दाखवून झाल्यावर शपथ घातली, की कुणाला सांगायचं नाही. "लोक झाड ठेवायचे नाहीत," असं काकू म्हणाल्या होत्या. पिवळ्या पळसाबद्दल लोकांच्या डोक्यात काय काय असतं. कुणी म्हणतं त्याच्या मुळाशी धन असतं, कुणी म्हणतं साल उगाळून घेतली की अमुक दुखणं जातं. शेंदरी पळसाला कुणी विचारत नाही, पिवळ्याला जगू देत नाहीत. काकूंचं माहेर पुढं विस्कटलं, जमीन दुसऱ्याकडं गेली, काकूही गेल्या. काकांनी शपथ पाळली. मला तेवढं दाखवलं, कारण चादर धरायला कुणीतरी हवं होतं, आणि "तू काय, स्टँड हायेस. तुला काय तोंड हाय?"

मलाही तसंच वाटत होतं.

गेल्या वर्षी बिडकीनहून आलो त्या आठवड्यातली गोष्ट. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये जेवताना विषय कशावरून तरी पळसावर गेला. आमच्या डिस्पॅचमध्ये ढगे म्हणून एक आहे. तो म्हणाला, "पिवळा पळस? असलं काय नसतंय. बंडल." आणि माझ्या तोंडून निघालं, "असतो. मी बघितलाय."

सगळं टेबल माझ्याकडं वळलं. इतक्या वर्षांत त्या टेबलावर मी मीठ सोडून काही मागितलं नव्हतं. ढगे म्हणाला, "तुम्ही? कुठं?" आणि मी सांगत गेलो. फुलांचा रंग सांगितला, देठ सांगितले. लोक घास हातात धरून ऐकत होते. कुणी म्हणालं, "आयला, स्टोअरवाल्यांना तर लई माहिती हाय!" एवढं ऐकलं आणि मी बिडकीन सांगितलं, कच्चा रस्ता सांगितला, पडकी विहीर सांगितली. ढगेनं विचारलंसुद्धा नव्हतं, विहिरीच्या कोणत्या बाजूला ते. तेही मीच सांगितलं.

पंधरा दिवसांनी ढगे स्टोअरच्या खिडकीवर आला. हातात वर्तमानपत्राची पुडी. "घ्या साहेब, तुमच्यामुळं मिळाली. निम्म्या गावाला पुरली. शुगरला लई भारी, रोज सकाळी उगाळून घ्या." पुडीत सालीचा तुकडा होता. वळलेला, आतून तांबूस. "मूळ पण खणलं आमच्या मेव्हण्यानं," ढगे हसत म्हणाला, "धन-बिन काय नाय. दगडं निघाली."

ढगेवर मी चिडलो नाही. चिडायचं कोणत्या तोंडानं? तो तर आठवणीनं माझा वाटा घेऊन आला होता.

ती पुडी मी घरी नेली नाही. स्कूटरच्या डिकीत टाकली आणि वर पुसायचं फडकं टाकलं. वर्षभर ती तिथंच होती. काका रविवारी मागं बसायचे, त्यांच्या बरोबर खाली.

या वर्षी माघ संपत आला. काका आता बिडकीनचा विषय काढणार. मी कारणं जुळवायला घेतली. पहिल्या रविवारी म्हणालो, काका, क्लच वायर ढिली आहे. काका म्हणाले, "असू दे, असू दे, माझा पण गुडघा धरलाय." दुसऱ्या रविवारी मी म्हणालो, पाहुणे येणार आहेत. काका म्हणाले, "बरं झालं, कॅमेऱ्याची बॅटरी पण चार्ज नाय." तिसऱ्या रविवारी माझ्याकडं कारण तयार नव्हतं, तर काका स्वतःच म्हणाले, "यंदा थंडी लांबली. अजून फुललंच नसेल ते." बाहेर ऊन असं होतं की ओट्यावर पाय ठेवता येत नव्हता. मी लगेच म्हणालो, हो, थंडी आहेच.

मी सुटलो, एवढंच मला दिसत होतं. गुडघा धरलेला माणूस रोज संध्याकाळी भाजीला चालत जातो, हे दिसत असूनही मी बघत नव्हतो.

बघितलं सुनंदानं. पुढच्या रविवारी ती चादर घेऊनच बाहेर आली. काका ओट्यावर, मी फाटकाशी. "दोघांना झालंय तरी काय या वर्षी? इस्त्री करून ठेवलेली चादर पिवळी पडायची वेळ आली. काका, बिडकीनला जायचं नाही का? ओ, तुम्ही काय बघताय? काढा स्कूटर!"

काका माझ्याकडं बघेनात, मी काकांकडं. सुनंदाला काही सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं. मी स्कूटर काढली. काकांनी दाढी केली नव्हती. शर्टही रोजचाच.

पैठण रोडनं जाताना काका एरवी सारखे बोलत असतात. याची हनुवटी बघ, त्याला सांग मान वर. त्या दिवशी दोन्ही बाजूंना शेंदरी पळस पेटले होते आणि मागून आवाज नव्हता.

विहिरीपाशी स्कूटर लावली. पुढं बांधापर्यंत मी जमिनीकडं बघत चाललो. मग बघावंच लागलं.

खोडाची साल हात पोचेल तिथपर्यंत सोलून काढली होती. आतलं लाकूड करडं पडलं होतं, मधेमधे लाल डिंक ओघळून सुकला होता. खाली खड्डा, पावसात थोडा बुजलेला, एक मूळ उघडं. जाड फांद्या कुऱ्हाडीनं तोडलेल्या. एका अंगाला, विहिरीच्या बाजूला, वीतभर सालीची पट्टी तेवढी राहिली होती, बहुधा तिथं काट्यांचं कुंपण लागत होतं म्हणून. आणि त्या पट्टीच्या वर जी एक फांदी होती, तिला फुलं आली होती. पिवळी.

काकांना धक्का बसला नाही. हे मला आधी कळलं नाही. ते बांधावर बसले, चप्पल काढली, पायाचा खडा झटकला.

"स्टँड," ते म्हणाले, "तुला एक सांगायचं हाय. मला ठाऊक होतं हे. पावसाळ्यात बिडकीनला एका कामाला आलो होतो, तवा बघून गेलो. तुला बोललो नाय. कसं बोलणार?"

मी उभाच होतो.

"माझ्यामुळं झालं," काका म्हणाले. "गेल्या साली परत जाताना तू पेट्रोल भराया गेला होतास. मी चहाच्या टपरीवर बसलो होतो. फोटो लई झकास आला होता रे. चहावाला पोरगा म्हणला, काय बघता बाबा? मी दाखवला त्याला. म्हणलं, बघितलाय का कवा असला? तो म्हणला, कुठला हो? मी नाव नाय सांगितलं गावाचं. पण हात असा केला." काकांनी विहिरीच्या दिशेनं हात केला, आणि तो हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला. "एवढ्यावर हुडकलं बघ त्यांनी. कमलला काय तोंड दाखवू? रोज दिवा लावताना माफी मागतो तिची. ती काय बोलत नाय."

आता मला काहीच करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. आणि गप्प बसण्यात माझा हात धरणारा या शहरात कुणी नाही. चहावाल्या पोरानं कुणाला काही सांगितलं असेल-नसेल. काकांनी ओझं स्वतःच उचललं होतं, पावसाळ्यापासून वागवलं होतं, त्यांना त्याची सवय झाली असेल. मी फक्त "जाऊ द्या काका" म्हणालो असतो तर उलट मोठा ठरलो असतो. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. खोटं बोलणार नाही.

मी विहिरीकडं चालत गेलो. स्कूटरची डिकी उघडली, फडकं काढलं, पुडी घेऊन परत आलो आणि काकांच्या हातात दिली.

त्यांनी कागद उलगडला. साल नाकाशी नेली. माझ्याकडं बघितलं.

मग मी बोललो. ढगे, कॅन्टीन, मीठ, विहिरीची बाजू, सगळं. इतका सलग मी आयुष्यात बोललो नव्हतो. मधे एकदा काकांनी पाण्याची बाटली पुढं केली, पण माझ्याकडं न बघता. "लोक ऐकत होते माझं," मी म्हणालो. "म्हणून सांगत गेलो. दुसरं काही कारण नाही."

काका उठले. सालीचा तुकडा घेऊन खोडापाशी गेले आणि सोललेल्या जागी लावून बघायला लागले. इथं बसतो का, तिथं बसतो का. कुठंच बसेना. "इथला नाय हा," ते पुटपुटले. "वरचा असंल." मग तो तुकडा त्यांनी खड्ड्यात ठेवला आणि पायानं वर माती लोटली.

"लई वाईट केलंस, दिलीप," ते म्हणाले.

त्यांना माझं नाव ठाऊक आहे, हे मी विसरूनच गेलो होतो.

"हो," मी म्हणालो.

"लई वाईट." मग काही वेळानं, पाठमोरेच, "आणि मी इतके महिने उगाच माफी मागतोय कमलची! ती तरी काय बोलणार? तिला कळंना झालं असंल, हा माणूस रोज काय बडबडतोय." त्यांचे खांदे हलले. हसत होते की काय, मला दिसलं नाही. मी पुढं जाऊन बघितलंही नाही.

"चादर आण," ते म्हणाले.

मी चादर धरली. फांदी उंच होती, हात पूर्ण वर करून टाचा उचलाव्या लागल्या. काकांनी झोळ काढायला लावला. सगळ्यांत खालचं फूल निवडलं, त्याचे कान शोधले. "समोर बघ बाई. हां. मान वर. यंदा जरा वाळलीस, चालतंय." कॅमेऱ्याचा आवाज झाला.

मी चादर खाली घेतली. आता ते कॅमेरा वळवणार, म्हणून मी बाजूला झालो. पण काकांनी कॅमेरा माझ्या हातात दिला.

"तू विचार."

"मी?"

"मग कोण? सांगताना होतास ना पुढं? आता विचाराया पण हो."

मी कॅमेऱ्याची पाठ फुलाकडं वळवली. हात लांब करावा लागला. दुसऱ्या हाताचं छप्पर धरलं. वर्षानुवर्षं तो प्रश्न मी चादरीमागून ऐकत आलो होतो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"पसंत आहे का?"

भर दुपार होती. वारा पडला होता. त्या फांदीवर काहीच हललं नाही. ना वरखाली, ना डावीउजवीकडं. लांब कुठंतरी पाण्याची मोटार सुरू झाली आणि बंद पडली. माझा हात भरून आला. मी काकांकडं बघितलं.

काका बांधावर बसले होते. चादरीची घडी घालून त्यांनी शेजारी ठेवली होती आणि माझ्यासाठी थोडी जागा सोडली होती. पण बस म्हणाले नाहीत.

"घाई नाय," ते म्हणाले. "वारा येईल तवा येईल. थांबू."